संगणकाचा सातबारा कोणाच्या नावावर?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी चालू संगणकांना एका अमेरिकन कंपनीने सेवानिवृत्त करून टाकले. यंत्रे बिघडलेली नव्हती. ज्या यंत्रावर आदल्या दिवशी पतसंस्थेची खतावणी, शाळेचे दाखले आणि कामगार संघटनेची वर्गणीदारांची यादी लिहिली गेली, ते यंत्र दुसऱ्या दिवशीही तितक्याच मुकाट्याने सुरू झाले. बदल झाला तो इतकाच की, यंत्राचा सारा अंतर्गत कारभार पाहणारी जी ‘विंडोज १०’ ही ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टने २०१५ साली बाजारात आणली होती, तिच्यात यापुढे सापडणारी भगदाडे बुजविण्याची जबाबदारी कंपनीने त्या दिवसापासून सोडली. नवी आवृत्ती, म्हणजे ‘विंडोज ११’, घ्यावी म्हटले तर तिच्या अटी अशा की, साधारणपणे २०१७ पूर्वीचे प्रोसेसर असलेली यंत्रे तिला मुळी चालतच नाहीत. कॅनालिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ च्या अखेरीस असा अंदाज दिला होता की, या एका निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. आठ-दहा वर्षांचे, धडधाकट यंत्र भंगारात! शिवणयंत्राच्या वा पिठाच्या गिरणीच्या बाबतीत असे फर्मान कोणी काढले असते, तर त्याला वेड्यातच काढले गेले असते.

कंपनीने एक सवलत देऊ केली. ३० डॉलर भरा, आणि आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, दुरुस्त्या मिळवा. पैसे भरायचे नसतील तर दुसरा मार्ग असा की, आपल्या संगणकातील मांडणी व सेटिंग्ज कंपनीच्या खात्यामार्फत कंपनीच्याच क्लाउडवर साठवू द्या. मग दुरुस्ती फुकट. ही दुसरी अट नीट वाचली पाहिजे. स्वतःच्या घरातील जुने यंत्र सुरक्षित ठेवायचे असेल, तर त्याच्या किल्ल्यांचा एक जुडगा कंपनीच्या घरी नेऊन ठेवायचा, असा तिचा अर्थ होतो. युरोपातील ग्राहक संघटनांनी याविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने युरोपीय ग्राहकांपुरती ती अट मागे घेतली. भारतीय ग्राहकाला ती लागूच राहिली. ज्याची संघटना, त्याला सवलत. हा न्याय कामगार चळवळीला नवा नाही.

या प्रश्नावर चळवळीच्या वर्तुळात दोन प्रकारची मते ऐकू येतात. जुने कार्यकर्ते म्हणतात की, नवे ते सगळे कंपन्यांचे कारस्थान आहे. जुने यंत्र चालते आहे तोवर चालू द्यावे. तरुण कार्यकर्ते म्हणतात की, सगळे क्लाउडवर टाकून द्यावे, कटकट कायमची मिटेल. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे आणि दोन्ही मते मूळ प्रश्नाला वळसा घालून जातात. यंत्र जुने की नवे हा प्रश्न दुय्यम आहे. ते कोणाच्या ताब्यात आहे, कोणाच्या मर्जीने सुरू राहते आणि कोणाच्या मर्जीने बंद पडते, हे ज्यांनी ‘कसेल त्याची जमीन’ या मागणीसाठी आयुष्ये वेचली त्या परंपरेने तरी आधी विचारावयास हवे.

जुन्या प्रणालीला चिकटून राहणारी माणसे हटवादी किंवा अडाणी असतात, असा एक सोयीस्कर समज पसरविला जातो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन डीटीपीच्या दुकानात तासभर बसले, तर तो समज टिकत नाही. तेथे एखादा संगणक असा सापडतो की ज्यावर आजही विंडोज एक्सपी, क्वचित त्याहूनही जुनी आवृत्ती, चालते आहे. त्यावर पेजमेकर आहे, श्रीलिपी किंवा आकृती आहे, आणि यंत्राच्या पाठीमागे कुलपासारखी लावलेली डोंगल आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली व थोड्याच वर्षांत त्याचा विकास थांबला. त्याला युनिकोड कळत नाही. नव्या यंत्राला ती जुनी डोंगल लावायला जागाच नसते. तरीही गावच्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, वधूवर सूचक मंडळांच्या पुस्तिका, ग्रामपंचायतीच्या पावत्या, कितीतरी लहान नियतकालिके आणि चळवळीची पत्रके त्या यंत्रावर वर्षानुवर्षे जुळली गेली.

ते यंत्र चालविणारा माणूस खिळे जुळविणाऱ्या जुळाऱ्याचा वारस आहे. खिळ्यांचा काळ संपला तेव्हा त्याने, किंवा त्याच्या वडिलांनी, कर्ज काढून पहिला संगणक घेतला. कळफलक पाठ केला. जोडाक्षर कोठे तुटते, रफार कोठे सरकतो, अनुस्वार कोणत्या अक्षरावर तिरका पडतो, हे सारे त्याच्या बोटांत उतरले आहे. प्रणाली बदला, असे त्याला सांगणे म्हणजे त्याचे कौशल्य, त्याच्या हजारो साठविलेल्या फायली आणि विकत घेतलेले सॉफ्टवेअर हे सर्व एका दमात शून्यावर आणा, असे सांगणे होय. आणि बदलून त्याने घ्यावे काय? मांडणीच्या व चित्रांच्या क्षेत्रात जिचे वर्चस्व आहे, त्या अडोबी कंपनीने मे २०१३ मध्येच जाहीर केले की, तिची प्रमुख साधने यापुढे कायमची विकत मिळणार नाहीत; ती वर्गणी भरूनच वापरावी लागतील. लग्नसराईच्या चार महिन्यांत ज्याची खरी कमाई होते, त्याने बाराही महिने वर्गणी भरावी, असा हा व्यवहार आहे. अशा माणसाने जुने यंत्र जपून ठेवले, सुटे भाग मिळावेत म्हणून तसेच दुसरे एक बंद यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवले, तर त्यात त्याचा शहाणपणाच दिसतो.

तथापि, या शहाणपणालाही एक हद्द आहे आणि ती सांगितली नाही तर कार्यकर्त्यांची दिशाभूल होईल. जोडणी काढून एकटे ठेवलेले जुने यंत्र ही एक गोष्ट. तेच यंत्र इंटरनेटला जोडून त्यावरून पैशाचे व्यवहार करणे ही अगदी वेगळी गोष्ट. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने सुमारे दीडशे देशांतील यंत्रे कुलूपबंद केली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडातून हा प्रोग्रॅम शिरला, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधीपासून ठाऊक होते. तिने ते स्वतःच्या उपयोगासाठी झाकून ठेवले, आणि तिचे ते हत्यार चोरीला जाऊन जगभर पसरले. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत बाधा झालेल्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ७ होती व ती दुरुस्ती बसविलेली नव्हती. एक्सपीसाठी सर्वांना खुली दुरुस्ती मात्र हल्ला झाल्यावरच मिळाली. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ या तशाच हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचा जगभरचा कारभार ठप्प केला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम थांबले. युक्रेनवर सोडलेल्या हत्याराने रायगड जिल्ह्यातील बंदरात कंटेनर अडकून पडतात, इतके हे जग आता एकमेकांत गुंतलेले आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली सर्व बँकांना एटीएम यंत्रांवरील कालबाह्य प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्याचे आदेश दिले, ते उगीच नव्हे. ज्या पतसंस्थेत विधवा आणि निवृत्त गिरणी कामगार आपली पुंजी ठेवतात, तिने दुरुस्ती बंद झालेले यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे हा निष्काळजीपणाच म्हणावा लागेल.

मग क्लाउडवरची प्रणाली घ्यावी काय? ती काय असते, हे आधी पाहिले पाहिजे. तिच्यात टेबलावर उरते ते एक काचेचे तोंड आणि कळफलक. मेंदू आणि स्मरण दूर कोठेतरी कंपनीच्या केंद्रात असते. गूगलने २०११ साली ‘क्रोमबुक’ आणून या दिशेने पहिले मोठे पाऊल टाकले. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२१ मध्ये ‘विंडोज ३६५’ या नावाने अख्खा संगणकच मासिक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. भारतात रिलायन्स जिओने जुलै २०२५ मध्ये ‘जिओपीसी’ आणला : घरच्या दूरचित्रवाणी संचाला सेट-टॉप बॉक्स लावावा, कळफलक जोडावा, आणि एका महिन्याचे ५९९ रुपये अधिक कर भरून दूरच्या संगणकावर काम करावे.

या सोयीचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. ज्या घरात एकरकमी तीस-चाळीस हजार रुपये कधीच साचत नाहीत, त्या घरातील मुलीला यातून संगणकाशी ओळख होऊ शकते. यंत्र चोरीला गेले वा फुटले, तरी मजकूर शाबूत राहतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर पाण्याखाली गेले, तेव्हा पुराने कागद आणि यंत्र यांत भेद केला नाही. आपल्या दप्तराची एक प्रत दुसऱ्या गावी असावी, हे शहाणपण त्या पुराने शिकविले. दुरुस्त्याही वापरणाऱ्याला काही न करता आपोआप होत जातात.

पण हिशेब पुरता मांडला पाहिजे. महिन्यामहिन्याने भरणाऱ्याचे तीन वर्षांत, कर सोडून, साडेएकवीस हजार रुपये होतात. एवढ्या पैशात वापरलेला पण चांगला संगणक विकत येतो आणि तो चौथ्या वर्षीही घरात असतो. दीर्घ मुदतीचे पैसे एकदम भरणाऱ्याला कंपनीने सवलत ठेवली. म्हणजे ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याला स्वस्त, आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याला महाग. किराणा दुकानातील उधारीच्या वहीपासून हा नियम चालत आलेला आहे. आणखी एक गंमत अशी की, जिओपीसी ज्या लिनक्सवर चालतो, ते जगभरच्या हजारो प्रोग्रॅमरांनी मिळून बांधलेले आणि सर्वांना मोफत खुले असलेले सॉफ्टवेअर आहे. गावाने श्रमदानातून खोदलेल्या विहिरीचे पाणी एकाने टँकरमध्ये भरावे आणि गावालाच विकावे, तसा हा प्रकार आहे. टँकरला भाडे द्यावे हे ठीक. पण विहीर आपली आहे, याचा विसर पडावा हे ठीक नव्हे.

संगणकाच्या भाड्याचा हा प्रश्न या देशाला पहिल्यांदाच पडलेला नाही. १९६० आणि १९७० च्या दशकांत भारतात संगणक म्हणजे बहुतांशी आयबीएम अशी स्थिती होती. ही कंपनी यंत्रे मुख्यतः भाड्याने देत असे. इतर देशांत वापरून जुनी झालेली ‘१४०१’ जातीची यंत्रे येथे आणून, डागडुजी करून, सरकारी खात्यांना व मोठ्या संस्थांना भाड्याने लावली जात. संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर १९७० च्या दशकातच ताशेरे ओढले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये परकीय कंपन्यांनी भारतातील आपला भागहिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, अशी अट आली. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि त्यांनी या कायद्याची अंमलबजावणी करण्याचा आग्रह धरला. आयबीएमने हिस्सा कमी करण्याऐवजी १९७८ साली देशातून काढता पाय घेतला.

यंत्रे बंद पडतील, देश अंधारात जाईल, अशी भाकिते तेव्हाही झाली होती. तसे काही घडले नाही. सरकारी मालकीच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सीएमसीने, आयबीएमने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली. परकीय कंपनीची जुनी यंत्रे दुरुस्त करता करता येथील अभियंते तयार झाले, आणि त्याच सीएमसीने १९८० च्या दशकात रेल्वेच्या आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी केली. जुने यंत्र चालू ठेवणे आणि स्वावलंबन यांचा इतका जवळचा संबंध फार थोड्या ठिकाणी दिसतो. पुढचा इतिहास मात्र अभिमानास्पद नाही. २००१ मध्ये सीएमसीतील नियंत्रक हिस्सा सरकारने टाटांना विकला आणि २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली. डाव्या व समाजवादी चळवळीनेही त्या काळात यंत्राच्या मालकीपेक्षा नोकऱ्यांच्या संख्येवर अधिक भर दिला. १९८३ च्या बँक करारात संगणकीकरणावर मर्यादा घालण्यात आल्या. नोकऱ्यांविषयीची ती चिंता खरी होती. पण मालकीचा प्रश्न मागे पडला, आणि तो आता व्याजासह समोर उभा आहे. तेव्हा जुने यंत्र भाड्याने गळ्यात मारले जात होते. आता लोकांच्या मालकीचे जुने यंत्र निकामी ठरवून त्याच्या जागी भाडे बसविले जात आहे.

भाडेकरूला घराबाहेर काढले जाते तेव्हा काय होते, याचा नमुना जुलै २०२५ मध्ये मुंबईतच पाहावयास मिळाला. नायरा एनर्जी या तेल कंपनीचे मुख्यालय मुंबईत आणि गुजरातमधील वाडीनार येथे तिचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा शुद्धीकरण कारखाना आहे. रशियाच्या रोसनेफ्टचा तीत ४९ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा, म्हणून युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेल व इतर सेवा बंद केली. कर्मचाऱ्यांना स्वतःची पत्रे, स्वतःचा साठविलेला मजकूर उघडता येईना. पैसे भरलेले होते; भारताचा कोणताही कायदा मोडलेला नव्हता; निर्बंध युरोपचे आणि सेवा देणारी कंपनी अमेरिकेची. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली. नायराबद्दल श्रमिकांना अश्रू ढाळण्याचे कारण नाही. तिच्याजवळ वकील होते आणि वकिलांना देण्यास पैसे होते. पण जी गोष्ट एवढ्या मोठ्या तेल कंपनीच्या बाबतीत घडली, ती एखाद्या कामगार संघटनेच्या, धरणग्रस्तांच्या समितीच्या किंवा बातमीपत्राच्या बाबतीत घडली तर ते कोणत्या न्यायालयात, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने जाणार?

अमेरिकेने मार्च २०१८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार तेथील कंपन्यांनी आपल्या ताब्यातील माहिती, ती जगात कोठेही साठविलेली असली तरी, तेथील यंत्रणेने रीतसर मागितल्यास द्यावी लागते. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सेनेटपुढे मायक्रोसॉफ्टच्या तेथील अधिकाऱ्याला शपथेवर विचारण्यात आले की, फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रान्सच्या संमतीवाचून अमेरिकेला दिली जाणार नाही याची हमी आहे काय. तशी हमी देता येत नाही, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. सर्व्हर मुंबईत आहेत म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी हे उत्तर ध्यानात ठेवावे.

क्लाउडवर सुरक्षितता असते, हा दावाही निखळ सत्य नाही. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतील ही कंपनी सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकीय सेवा देते. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने खबरदारी म्हणून तिची जोडणी तोडली आणि देशातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडले. बँका तीनशे, गावे हजारो, कुलूप एकच! दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली हे खरे. पण बाजाराच्या दिवशी पैसे न मिळालेल्या शेतकऱ्याला ते सांगून उपयोग नाही. त्याच महिन्यात, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने सर्वत्र एकाच वेळी पाठविलेल्या सदोष दुरुस्तीने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. जुन्याला चोराचे भय, नव्याला पहारेकऱ्याचे. एवढाच फरक त्या दिवशी दिसला.

‘क्लाउड’ हे नाव मोठे फसवे आहे. त्यामुळे वाटते की, हे सारे आभाळात, कोणाच्याही न अडणाऱ्या जागी चालले आहे. प्रत्यक्षात त्याला पत्ता आहे, वीजबिल आहे आणि पाणीपट्टीही आहे. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एके काळी रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांच्या भोंग्यांवर वस्तीचा दिवस उगवत असे, तेथे आता खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत. देशातील अशा केंद्रांच्या क्षमतेचा फार मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईत एकवटलेला आहे. त्यांना अखंड वीज लागते, थंडावा लागतो. माणसे मात्र फार थोडी लागतात. बंद कारखान्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या उद्योगाकडून किती स्थानिकांना कायमचे काम मिळाले, हे त्या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी मोजून मांडले तर ती एक मोलाची कामगिरी ठरेल.

परकीय कंपनी नको तर स्वदेशी घ्या, असे उत्तर आता सरकारी गोटातून येते. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहो या भारतीय खाजगी कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आले. परावलंबनाची दिशा बदलली, हे चांगलेच. पण जमीनदार गावातला आहे म्हणून खंड माफ होत नाही. स्वदेशी मक्तेदार हा मक्तेदारच असतो, आणि सत्ताधाऱ्यांशी त्याची जवळीक असण्याचा संभव परदेशी मक्तेदारापेक्षा अधिकच. याउलट, सरकारच्याच संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ नावाची प्रणाली खुल्या लिनक्सच्या पायावर उभी करून वापरण्यास प्रारंभ केला, आणि पुण्याच्या सी-डॅकने २००७ पासून ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली दिलेली आहे. सैन्याच्या कार्यालयाला जे हितकारक वाटते, ते जिल्हा परिषदेच्या शाळेला का वाटू नये?

शाळेच्या बाबतीत उत्तर केरळने देऊन ठेवले आहे. तेथे २००१ मध्ये ‘आयटी अॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रारंभीचा अभ्यासक्रम मायक्रोसॉफ्टच्या साधनांभोवती रचलेला होता. मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी त्याला विरोध केला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत सरकारी शाळांतील संगणक लिनक्सवर आले. २०१७ मध्ये त्या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. परवान्यांचे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा तिचा दावा आहे. आकडा बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट निर्विवाद उरते : तेथे जुनी यंत्रे फेकून न देता हलक्या प्रणालीवर चालविता आली, आणि प्रशिक्षण शिक्षकांनीच शिक्षकांना दिले. मल्याळम अक्षरांचे फाँट आणि भाषांतरे स्वयंसेवकांच्या मंडळींनी तयार केली. मराठीत असे काम करणारे नाहीत असे नाही. त्यांच्या पाठीशी राज्याची शाळा उभी राहिली नाही, एवढेच.

या मार्गावर खड्डे नाहीत, असे समजणे भाबडेपणाचे होईल. जर्मनीतील म्युनिक शहराने २००४ च्या सुमारास हा प्रयोग हाती घेतला, पंधरा हजारांच्या आसपास संगणक लिनक्सवर नेले, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेतील राजकीय वारे बदलताच माघार घेतली. यंत्रे हरली नाहीत, राजकीय इच्छाशक्ती थकली. त्याच जर्मनीच्या उत्तरेकडील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये आपले तीस हजार सरकारी संगणक मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस साधनांवरून खुल्या ‘लिब्रेऑफिस’वर नेण्याचे ठरविले आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक सरकारी टपालपेट्या मुक्त सॉफ्टवेअरवर हलविल्या. तेथे राज्य करणारा पक्ष ख्रिश्चन डेमोक्रॅट, म्हणजे उजवीकडचा. उजव्यांना जे सार्वभौमत्वाच्या नावाने कळले, ते येथील डाव्यांना समतेच्या नावाने कळण्यास एवढा उशीर का लागावा, हा प्रश्न अवघड आहे.

संघटना, पतसंस्था, वाचनालये आणि शिक्षक मंडळे यांना या बाबतीत सरकारी धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. दुरुस्ती बंद झालेल्या विंडोजवरचे यंत्र भंगारात देण्याआधी त्यावर एखादी हलकी लिनक्स प्रणाली चढवून पाहावी. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते आणि इंटरनेट एवढ्यासाठी ती पुरते. जे यंत्र जुन्या प्रणालीवरच ठेवणे भाग आहे, त्याची इंटरनेटची तार काढून ठेवावी. दप्तराची एक प्रत कार्यालयात, एक दुसऱ्या गावी. क्लाउड वापरायचाच असेल तर मजकुराची दुसरी प्रत आपल्या हाती असेल, अशा रीतीनेच वापरावा. सभासदांची यादी, संपाच्या काळातील पत्रव्यवहार, तक्रारदार स्त्रियांची नावे या गोष्टी फुकटच्या खात्यात ठेवणे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे. आणि सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात, तेथे नफ्यातोट्याबरोबर सभासदांनी हेही विचारावे : संस्थेची माहिती कोणाच्या यंत्रात आहे, करार मोडल्यास ती किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळेल, आणि तसे करारात लिहिले आहे काय? बहुतेक संचालकांनी तो करार वाचलेला नसतो.

सर्वांत तातडीचे काम मात्र त्या डीटीपीच्या दुकानात पडून आहे. चळवळीच्या तीस वर्षांच्या अंकांचा, पुस्तिकांचा आणि अहवालांचा मजकूर श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटांच्या सांकेतिक अक्षरांत अडकलेला आहे. ती डोंगल बिघडली, ती जुनी चकती अडली, की नव्या यंत्रावर तो मजकूर अर्थहीन चिन्हांची रांग म्हणून दिसेल. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. पण ती जोडाक्षरांत चुका करतात आणि त्या चुका पकडण्यास जुना फाँट जाणणारा माणूस शेजारी बसावा लागतो. असे माणूस अजून आहेत. बहुतेकांनी पन्नाशी ओलांडली आहे, काहींनी दुकान मुलाच्या हाती देऊन टाकले आहे, आणि मुलाने तेथे मोबाइल दुरुस्ती सुरू केली आहे. प्रत्येक जिल्ह्यात असा एक जुना ऑपरेटर आणि लिनक्स जाणणारा एक तरुण कार्यकर्ता यांना दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस एकत्र बसविले, तर पुष्कळ काही वाचेल.